तालमींच्या गावात जिउ जित्सू: आमची वाटचाल

कोल्हापुरात किकबॉक्सिंग आणि ब्राझिलियन जिउ जित्सू, म्हणजे जमिनीवर पकडी घालून लढायचा खेळ, यांचा क्लास काढायचं ठरवलं, तेव्हा जो तो एकच विचारायचा, "तालमी असताना हे कशाला?" प्रश्न रास्त होता. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारलं ते हे गाव. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे.

उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेतला आणि आधी फक्त किकबॉक्सिंग सुरू केलं. कराटे आणि थायलंडचं मुए थाई यांच्या मेळातून १९६० च्या दशकात जपानमध्ये आकाराला आलेला हा खेळ. शिकवायला धाकटा भाऊ. बहुतेक जण वजन उतरवायला यायचे, आजही येतात, आणि गाळ्याचं भाडं त्यांच्याच फीमधून निघतं. त्यातल्या काहींना पॅडवर लाथ नीट बसल्याचा आवाज एकदा ऐकू आला की वजनकाटा विसरायला होतो. ती माणसं टिकतात.

जिउ जित्सू मी पुण्याला जाऊन शिकत होतो, रविवारी पहाटेची एसटी धरून. इथं बॅच सुरू केली तेव्हा माझी सगळी भिस्त तालमीतल्या पोरांवर होती. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, त्यांना शिकवावं लागत नाही. एकेरी असो वा दुहेरी, समोरचा खाली गेलाच, आणि त्याचे आमच्याकडे दोन गुण. अडचण त्यानंतरची. खाली सापडलेला पैलवान पोटावर दबून राहतो, कारण पाठ लागली की कुस्ती गेली. जिउ जित्सूत तसं दबून राहिलं की समोरचा पाठीवर स्वार होतो, पाय आत अडकवून चार गुण घेतो आणि मागून गळा आवळतो. म्हणून मी सांगायचो, पाठीवर झोप, पाय त्याच्या कमरेभोवती घाल, तिथून लढ. "पाठ लागली की संपलं की ओ सर!" असं एक पोरगा अगदी कळवळून म्हणाला होता. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट सुटायला महिने जातात आणि ते मी घाईनं कधीच करून घेतलं नाही. टॅपचंही, म्हणजे थाप मारून हार मानण्याचंही, तसंच. हात ताणला गेला की वेळेवर थाप मारायची, त्यात कमीपणा नाही, हे मी आजही रोज सांगतो. तालीम मात्र कुणालाच सोडायला लावली नाही. पोरं सकाळी मातीत असतात, संध्याकाळी आमच्याकडे. वस्तादांना हे कळल्यावर त्यांचा विरोध मावळला.

पालकांचा प्रश्न बेल्टचा. दर तीन महिन्यांनी परीक्षा आणि नवा रंग, याची त्यांना सवय झालेली. जिउ जित्सूत निळा बेल्ट वयाची सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मोठ्यांनाही त्यासाठी साधारण दोन वर्षं घाम गाळावा लागतो, आणि काळ्यापर्यंत दहा वर्षं सहज जातात. हे ऐकून बरीच मुलं गेली. त्या वेळी पैशाची ओढाताण होती, तरी बेल्ट विकायचा नाही यावर आम्ही दोघे भाऊ ठाम राहिलो. कोविडमध्ये अंगाला अंग लागणारा धंदा बंद पडणारच होता. तो काळ भावाच्या ऑनलाइन वर्गांनी तारला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला मान्यता दिली, त्यानंतर पालकांशी बोलणं जरा सोपं झालं.

मॅट रोज जंतुनाशकानं पुसतो. इथल्या पावसात गीचं, म्हणजे जिउ जित्सूच्या पोशाखाचं, जाड सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरी गी असल्याशिवाय रोज येऊ देत नाही. नायटा दिसला की पोरगा कितीही चांगला असो, बरा होईपर्यंत घरी.

मुलींची बॅच उशिरा सुरू झाली, पण सगळ्यात मन लावून शिकते तीच. वजनदार माणूस अंगावर असताना खालून कंबर सरकवून जागा करायची, गुडघा आत घालायचा, मग पाठीवरूनच त्याचा हात किंवा गळा धरायचा: जिउ जित्सूचं खरं बळ इथं आहे आणि त्यांना ते लवकर उमगतं. कुस्तीची जुनी सवय मोडायची नसते, हेही असेल. त्यांना सकाळची वेळ हवी आहे, पण तेव्हा गाळा किकबॉक्सिंगनं भरलेला असतो. म्हणून शेजारच्या गाळ्याच्या मालकांशी बोलणी चालू आहेत.