निघालो तळी बघायला, पोहोचलो सावरीला

ऑक्टोबरातला रविवार. पाऊस ओसरला होता. सकाळी चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "नेत्रावळीच्या गोपीनाथाला जाऊन किती वर्षं झाली गं!" अर्ध्या तासात आम्ही तिघी गाडीत बसलो: त्या, मी आणि माझी बारा वर्षांची लेक. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आणि चपात्यांचा डबा, एवढंच.

मडगावहून केपे, तिळामळ, रिवण करत सव्वा तासात पोहोचलो. गोपीनाथाच्या देवळासमोर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची तळी आहे, बुडबुड्यांची तळी. तळातून बारीक बुडबुड्यांच्या माळा सारख्या वर येतात. टाळी वाजवली की जास्त येतात असं म्हणतात. लेकीने पन्नासेक टाळ्या वाजवल्या. मला तरी टाळीआधी आणि टाळीनंतर फरक दिसला नाही, पण पाण्यावरून नजर हलवणंही जमलं नाही.

देवळापाशी एका काकांनी सांगितलं, सावरीच्या धबधब्याला भरपूर पाणी आहे, चालत जावं लागेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. वय अडुसष्ट, अंगावर नऊवारी. त्यांनी आधीच पदर खोचला होता. "सांबाळून वचात," काका म्हणाले.

वनखात्याच्या नाक्यावर नाव, गाडीचा नंबर लिहून तिकीट काढलं. १९९९ साली अभयारण्य झालेलं हे २११ चौरस किलोमीटरचं रान. वाटेवर शिरताच उजेड हिरवा झाला. लाल चिखल, आडवी मुळं, मधूनच पायाखालून जाणारा ओहोळ. मगरीच्या पाठीसारख्या सालीचं एक झाड सासूबाईंनी हाताने थोपटलं. "ही माट्टी. घरात याच लाकडाचे वासे होते." गोव्याचा राज्यवृक्ष आहे हा, पण ओळख मला त्या दिवशी झाली. दोन झाडांच्या मधे सोनेरी जाळं ताणून तळहाताएवढी कोळीण बसली होती. लेक तिथून हलायलाच तयार होईना.

दुसऱ्या ओहोळात माझी चप्पल सटकली आणि गुडघा खडकावर आपटला. सासूबाई म्हणाल्या, "चप्पल काढ. अनवाणी पाय दगड धरतो." तसं केलं, आणि खरंच पावलं स्थिर पडू लागली. तरी जाणाऱ्यांनी पकड असलेले बूट घालावेत. लेकीच्या घोट्याला जळू चिकटली होती. जळू ओढायची नसते. सासूबाईंनी नखाने तिच्या तोंडाची कड हळूच सरकवून सोडवली, रक्त थांबेपर्यंत रुमाल दाबून धरला.

पाऊण तासाने आधी आवाज आला, मग थंडावा, आणि झाडांच्या फटीतून पांढरं पाणी. सावरी. कड्यावरून उतरून खाली डोहात जाणारं. आम्ही डोहात उतरलो नाही, पाण्याचा जोर होता. खडकावर बसून चपात्या खाल्ल्या.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे पाणी खाली धरणात जातं."

त्यांचं माहेर कुर्डी. साळावली धरणासाठी गाव उठलं आणि १९८६च्या सुमारास पाण्याखाली गेलं. घर, सोमेश्वराच्या देवळाची वाट, शेतं, सगळं. लोकांना वसवलं वाडे आणि वाळकिणीला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि मे महिन्यात जुनी मंडळी सोमेश्वरापाशी जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणून कुर्डीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले. त्याच गावावर साठलेलं पाणी नळातून मडगावच्या माझ्या स्वयंपाकघरात येतं, हे मात्र इतक्या वर्षांत मनात कधी जुळलंच नव्हतं.

"आजी, तू परत गेली होतीस का कधी?" लेकीने विचारलं.

"एकदाच. तुळशीचा चौथरा सापडला. शेजारी न्हाणीचा दगड."

तीन वाजता उठलो. रानात अंधार लवकर पडतो, म्हणून साडेतीनच्या पुढे थांबायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. चढताना सासूबाई दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा ओहोळापाशीच. वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि उरलेलं परत त्याच प्रवाहात सोडलं. मे महिन्यात तिघींनी कुर्डीला जायचं गाडीतच पक्कं झालं. चौथरा मला दाखवणार आहेत.