पाणी सोडलं, पण माशांपर्यंत पोचलं का?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली गोलबर्न नदी. धरणातून मुद्दाम सोडलेल्या पाण्याने नदी चढली आणि आज सकाळी जाळ्यातला पालापाचोळा ट्रेमध्ये ओतला, तर त्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी! इतका आनंद झाला म्हणून सांगू! गोल्डन पर्च हा मासा बहुतेक पाणी कोमट असताना आणि नदी चढल्यावरच अंडी घालतो. ती प्रवाहाबरोबर वाहत जातात, म्हणून जाळी रात्रभर पाण्यात.

२०१४ पासून इथे मासे, काठावरचा झाडोरा, सगळ्याच्या नोंदी ठेवतात. पुढे पाणी कधी, किती सोडायचं हे ठरवताना त्या कामी येतात. नुसता सोडलेल्या पाण्याचा हिशेब मला कधीच पुरेसा वाटला नाही. आपल्या धरणांखालच्या नद्यांवरही अशा नोंदी व्हायला हव्यात, मनापासून वाटतं.

अंडी नक्की कोणाची, ते आता प्रयोगशाळेत कळेल.