सहा कादंबऱ्यांची मागणी

शनिवारी देवघेवीच्या टेबलावर गर्दी असते. त्या गर्दीत एका ज्येष्ठ सभासदांनी जाडजूड पौराणिक कादंबरी परत ठेवली. खूण सत्तराव्या पानाच्या आसपासच अडकली होती. "ताई, हल्ली काहीही उचललं तरी आधी वाचलेलंच वाचतोय असं वाटतं. तुम्ही अलीकडे वाचलेल्यांतल्या सहा द्या, पण एकीसारखी दुसरी नको."

अशा वेळी सहसा विषय बदलून दिला जातो. ऐतिहासिक झाली की ग्रामीण, ग्रामीण झाली की रहस्य. त्याने फारसा फरक पडत नाही, कारण कंटाळा बहुधा विषयाचा नसतोच. त्यांचं कार्ड पाहिलं तर 'ययाति', 'मृत्युंजय' आणि त्याच वळणाच्या आणखी काही नोंदी होत्या. दोन्ही कादंबऱ्यांत निवेदक एकाहून अधिक, पण जो बोलतो तो आपली कैफियत मांडतो, आणि तीही भरजरी भाषेत. गृहस्थ विटले होते ते या आवाजाला. त्यामुळे निवडताना चार गोष्टी पाहिल्या: सांगतंय कोण, कथेत काळ किती जातो, भाषा कुठली आणि पानं किती. ते रोज अर्धा तास वाचतात, म्हणजे साधारण वीस पानं. चारशे पानांची कादंबरी वीस दिवस पुरणार; ती आधी दिली की पुढच्या पाच कपाटातच राहतात.

म्हणून पहिली 'सत्तांतर'. व्यंकटेश माडगूळकरांची ही छोटेखानी कादंबरी (1982) वानरांच्या टोळ्यांवर आहे. कैफियत मांडायला इथे कुणी नाहीच. टोळीचा नायक बदलला की लेकुरवाळ्या माद्यांवर काय ओढवतं, हे लेखक निरीक्षणाच्या वहीत टिपावं तसं सांगतो. माणसांच्या राजकारणाचं रूपक म्हणून ती वाचायची घाई करू नका, असं त्यांना मुद्दाम सांगितलं. आधी नुसती वानरं म्हणून वाचावी. रूपक हुडकत बसलं की अर्धी मजा जाते.

दुसरी 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची 1939 सालची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर चक्रधर आणि नाझींच्या जाचातून निसटलेली हर्टा ही ज्यू तरुणी. पसारा बोटीएवढाच, काळ प्रवासाएवढा. ही तुकड्यातुकड्यांनी वाचली की ढिली पडते. दोन-तीन बैठकांत संपवावी.

तिसरी 'कोबाल्ट ब्लू', सचिन कुंडलकरांची, 2006 मधली. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ आणि बहीण दोघंही पडतात. पहिला भाग तनयचा, त्या तरुणाला उद्देशून. दुसरा अनुजाचा, डायरीतून. बरेचसे प्रसंग दोनदा येतात, आणि तिथेच काही वाचक "हे तर झालं की!" म्हणून पानं उलटतात. तसं करू नये. पहिल्या भागात किरकोळ वाटलेली गोष्ट दुसऱ्यात वजनदार होते, आणि पहिल्यातली मोठी गोष्ट दुसऱ्यात जेमतेम ओळभर उरते. याही कादंबरीत बोलणारा 'मी'च आहे, पण निवाडा मागणारा नाही, म्हणून ती चालली. 'कोसला' द्यायचा मोह मात्र आवरला. तिचा 'मी' सगळी कादंबरी व्यापून बसतो, आणि या वाचकांना आत्ता त्यापासूनच सुटी हवी होती.

चौथी 'धग'. उद्धव शेळक्यांच्या या कादंबरीवर (1960) जरा जास्त बोलले, कारण चांगली असून अर्ध्यावर सोडली जाणारी ही आहे. संवाद वऱ्हाडीत आहेत. 'मले', 'तुले', 'कायले' यांची सवय नसलेला वाचक विसाव्या-पंचविसाव्या पानावर अडखळतो आणि दोष स्वतःला देतो. उपाय साधा आहे: सुरुवातीचे संवाद मोठ्याने वाचायचे. डोळ्याला परका वाटणारा शब्द कानाला लगेच कळतो. दुसरी अडचण दुःखाची. कौतिकच्या संसारावर एकामागून एक घाव पडत जातात, पण शेळके हळहळत नाहीत. शिलाई, मजुरी, उधारी यांच्या तपशिलात राहतात. तरी हिच्या आगेमागे दुसरी रडवणारी कादंबरी ठेवू नये. दोन्हींचा परिणाम पुसट होतो.

म्हणून पाचवी एकदम थंड डोक्याची, नंदा खरे यांची 'उद्या'. देखरेख, माहितीचे साठे आणि कंपन्यांची सत्ता असलेला नजीकचा भविष्यकाळ. 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. कथानकाचे धागे बरेच आहेत, म्हणून खुणेच्या कागदावर पात्रांची नावं लिहीत जा असं सुचवलं.

सर्वांत शेवटी 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या पुलित्झर विजेत्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लॉरिडाच्या रानातला पोरगा आणि त्याचं हरणाचं पिल्लू. जाड असली तरी रान, शिकार, ऋतू यांत संथ रमण्यासारखी. तोवर वाचनाचा वेग परत आलेला असतो, म्हणून ती शेवटी.

कागदावर क्रम लिहून दिला आणि पहिल्या दोन हातात ठेवल्या. सहाच्या सहा एकदम नेल्या की कुठलीच धड वाचून होत नाही.

पुढे 'उद्या' अर्ध्यावर परत आली. नावं लिहिली होती, पण धागे हातातून सुटत राहिले, असं म्हणाले. तिथे आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. त्याच जागी तशीच गुंतागुंतीची दुसरी दिली असती तर 'पाडस'पर्यंत ते पोहोचलेच नसते. हवी होती रडवणार नाही अशी, एका सरळ धाग्याची आणि आटोपशीर. 'बनगरवाडी' काढली. तिथेही तरुण मास्तर 'मी' म्हणून बोलतो, पण बघत असतो तो धनगरांच्या वस्तीकडे, स्वतःकडे जवळपास नाहीच.