मोरचूद लॉग ३ : सीड गेलं कुठं?

मागच्या लॉगमध्ये लय मिरवलो होतो ना, मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) मोठा खडा वाढवायला ३ ग्रॅमचं सीड, म्हणजे सुरुवातीचा छोटा खडा, मिळालंय, कडा कशा ब्लेडसारख्या वगैरे? ते सीड आता नाही. चोरीला नाही गेलं, विरघळलं. सकाळी साडेसातला तंगुसाला बांधून बरणीत सोडलं, कामावर गेलो, संध्याकाळी येऊन बघतो तर पेन्सिलीला नुसता तंगूस लोंबकळतोय आणि टोकाला रिकामी गाठ. आई म्हणाली, "तुझं ते निळं मीठ पाण्यानं खाल्लं बघ."

आधी वाटलं गाठ सुटून खाली पडलं असेल, पण तळाला कणसुद्धा नव्हता. मग रात्री वही घेऊन बसलो आणि चूक सापडली, ती सांगलीच्या एप्रिलची होती (म्हणजे माझीच). १०० मिली पाण्यात मोरचूद २० डिग्रीला साधारण ३२ ग्रॅम विरघळतं, ३० ला ३८ च्या आसपास आणि ४० ला ४५ च्या आसपास. मी सोल्युशन सकाळी २७ डिग्रीला तपासलं, तळाला थोडं मोरचूद शिल्लक राहिलं होतं म्हणून म्हटलं झालं सॅच्युरेटेड, गाळून घेतलं आणि सीड सोडलं. पण आमची माडी पत्र्याची, दुपारी आत ३६ डिग्री. तेवढ्यात त्याच ५०० मिलीला अजून तीसेक ग्रॅम घ्यायची भूक लागली, माझं सीड ३ ग्रॅमचं, काय टिकणार?

आणि सॅच्युरेटेड म्हणजे काय हेसुद्धा मला आत्ता कुठं नीट कळलं. मी समजत होतो की पाणी भरलं, जागा संपली, विषय संपला. तसं नसतं. खड्याच्या पृष्ठभागावरून कॉपरचे आणि सल्फेटचे आयन (विद्युतभार असलेले कण) सारखे सुटत असतात, पाण्याचे रेणू त्यांना घेरून घेऊन जातात, आणि त्याच वेळी दुसरे आयन परत येऊन बसतात. येणारे जाणारे सारखे झाले की आपण सॅच्युरेटेड म्हणतो. तापमान वाढलं की जाणारे जास्त, उतरलं की येणारे जास्त, बस एवढंच.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर रात्री लाइट घालवून बरणीच्या मागून टॉर्च मारा. खडा विरघळत असेल तर त्याच्याखाली बारीक लहरी उतरताना दिसतात, तापलेल्या डांबरी रस्त्यावर दिसतात तशा, कारण खड्याजवळचं पाणी जड झालेलं असतं. वाढत असेल तर त्याच लहरी वर चढतात. मी आता सीड सोडलं की आधी पाच मिनिटं हेच बघतो, थर्मामीटरपेक्षा माझा यावर जास्त विश्वास बसलाय.

दुसरी खेप : ५०० मिली पाण्यात २०० ग्रॅम, गरम करून. म्हणजे हे सोल्युशन तेहतीसेक डिग्रीलाच सॅच्युरेटेड होतं, त्याखाली थंड झालं की जास्तीचं मोरचूद खड्यावर बसतं. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, कारण बोअरच्या पाण्यात मागे सगळं दुधाळ निळसर गढूळ झालेलं, क्षारांचा प्रताप. मोरचूद तासगावच्या मामांकडचं, ते द्राक्षबागेला बोर्डो (बुरशीवरची फवारणी) मारतात, १०० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. पिशवी देताना म्हणाले, "लोखंडी बादलीत करू नकोस रे, बादली खाईल ते." खरं होतं, मी मुद्दाम एक खिळा टाकून बघितला, थोड्या वेळात त्याच्यावर तांब्याचा लालसर थर, लोखंड पाण्यात उतरतं आणि तांबं बाहेर पडतं. मामांना केमिस्ट्री कोण शिकवलं नाही, बादल्यांनी शिकवलं. मिठावर हा थंड करायचा डाव चालत नाही बरं का, मीठ २० डिग्रीला ३६ ग्रॅम आणि १०० ला ३९, फरकच नाही, ते पाणी उडवूनच काढावं लागतं.

बरणी आता मेडिकलवाल्यांकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात, भोवती पाण्याच्या चार बाटल्या, खोकं खालच्या खोलीत पलंगाखाली. दिवस-रात्रीचा फरक ९ डिग्रीवरून २ वर आला, २९ ते ३१. तोंडाला जुन्या पंच्याचा तुकडा, धूळ नको आणि पाणी हळूहळू उडायलाही पाहिजे. नवीन सीडही ३ ग्रॅमचंच, ९ दिवसांनी १४ ग्रॅम. एक बाजू बोथट आहे, तळाला उगवलेल्या पिल्लांना (बारीक खड्यांना) चिकटली होती, आता दर दोन दिवसांनी सोल्युशन गाळून पिल्लं काढतोय.

नवीन येणाऱ्यांनी एवढं करा, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हातमोजे घाला, आणि उरलेलं गटारात किंवा नदीत ओतू नका, माशांना हे विष आहे. माझं उरलेलं मामांच्या बोर्डोच्या टाकीत जातं.

पुढच्या आठवड्यात तुरटी लावणार आहे, तिचा आठ त्रिकोणी फलकांचा खडा पाहिजे. तोवर आईनं पलंगाखालून खोकं काढायला सांगितलंय, पाहुणे येणार आहेत म्हणे, तर २९ ते ३१ डिग्रीची दुसरी जागा शोधायलोय.