सेबोलादा: पोर्तुगीज पद्धतीचा कांदा-बटाटा

ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेला भरपूर कांदा म्हणजे सेबोलादा. पोर्तुगालमध्ये तो बीफच्या पातळ कापांवर घालतात, कलेजीवर घालतात, आणि दक्षिणेच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावर ट्यूना माशावर. नुसत्या उकडलेल्या बटाट्यावर घातला तरी जेवण होतं. मात्र तेव्हा मासा-मटणाचा आधार नसतो, त्यामुळे कांदा बिघडला तर पदार्थच बिघडला.

तीन-चार जणांसाठी ८०० ग्रॅम बटाटे आणि ६०० ग्रॅम कांदे घ्या. कांदा जास्त वाटेल, पण शिजून एवढासा होतो. तेल १०० मिली. इथे हात आखडू नका, कारण हे तेलच शेवटी रस्सा म्हणून बटाट्यात मुरतं. शिवाय लसणाच्या ४ पाकळ्या, १ बे लीफ, ड्राय व्हाइट वाइन १०० मिली, गोड पाप्रिका (तिखट नसलेल्या लाल मिरचीची पूड) १ छोटा चमचा, मीठ, मिरपूड आणि पार्सली.

बे लीफ आणि आपलं तमालपत्र एक नव्हे. तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन ठळक शिरा जातात आणि त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो. बे लीफला मधोमध एकच शीर. तमालपत्र घातलं की वास थेट पुलावाचा येतो. बे लीफ नसेल तर काहीच घालू नका.

बटाटे सालासकट, गार पाण्यात, लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालून उकडायला ठेवा. उकळत्या पाण्यात टाकले तर आतून शिजेपर्यंत बाहेरून फुटतात. मध्यम आकाराला २०-२५ मिनिटं पुरतात. कुकर नको, चकत्यांचा भुगा होतो. पिठूळ जातीपेक्षा नवा, पातळ सालीचा बटाटा बरा.

कांद्याच्या अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. पातळ केल्या तर विरघळतात. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, कांदा, बे लीफ आणि अर्धा चमचा मीठ एकदमच घाला. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि त्याच पाण्यात तो शिजतो. झाकण ठेवून १५ मिनिटं, मग झाकण काढून २० मिनिटं, सगळं मंद आचेवर. भजीच्या कांद्यासारखा चुरचुर आवाज आला तर आच जास्त आहे. बिर्याणीसारखा तपकिरी कांदा इथे चूकच: हवा तो पारदर्शक, फिकट सोनेरी, बोटांत चिरडला जाईल असा. लसूण शेवटच्या ५ मिनिटांत घाला; आधी घातलेला करपून कडू होतो. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर उत्तम, गोड आणि कमी तिखट असतो.

पातेलं आचेवरून उतरवून पाप्रिका घाला, कारण गरम तेलात ती काही सेकंदांत जळते. लगेच वाइन ओता, परत आचेवर ठेवा आणि आंबट वाफ जाईपर्यंत ४-५ मिनिटं उकळू द्या. वाइन नको असेल तर दीड मोठा चमचा व्हिनेगर आणि अर्धी वाटी पाणी. काहीजण कच्चा बटाटा कांद्यातच शिजवतात. तसं करायचं तर वाइन, व्हिनेगर किंवा टोमॅटो बटाटा मऊ झाल्यावरच. आंबटात बटाट्यातलं पेक्टिन (पेशींना एकत्र धरून ठेवणारं द्रव्य) सहज सुटत नाही, मग तासभर शिजवूनही तो कचकचीत राहतो.

बटाटे गरम असतानाच सोलून बोटभर जाड चकत्या करा, पसरट भांड्यात मांडा, वर कांदा तेलासकट ओता. झाकून अगदी मंद आचेवर १० मिनिटं. डाव घालू नका, भांडंच हलवा. वरून मिरपूड आणि पार्सली. कोथिंबीरही चालते, पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात ती सर्रास वापरतात. उकडलेल्या अंड्याच्या फोडी आणि काळे ऑलिव्ह घातले तर पोर्तो शहराच्या ‘बाकाल्याव आ गोमेश द सा’ या पदार्थाची आठवण येते, त्यातही हाच कांदा-बटाटा, सोबत खारवलेला कॉड मासा.

उरलं तर फ्रिजमध्ये तेल गोठून पांढरट दिसेल. ते खराब झालेलं नसतं; तव्यावर मंद आचेवर गरम करा, बटाट्याला खालून खरपूस पापडी येते.