एका केसपेपरसाठी तीन चकरा (माझा अनुभव)

आधीच सांगतो, मी दारू पीत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात तशीही दारूबंदी आहे, पण दोन वर्षांपासून नाक-गाल लाल, तर गावात जो तो विचारते, "काऊन भाऊ, कुठून आणली?"

मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली होती. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत, मग वर्षभर तीच लावली, आणि सोडली की दुप्पट आग. शेवटी सरकारी दवाखाना धरला.

खिडकीवरच्या बाईनं विचारलं काय होते, मी म्हटलं चेहरा गरम होते, आग होते. तिनं "गरम" एवढंच ऐकलं अन् मेडिसिनचा केसपेपर काढला. तिथं दीड वाजेपर्यंत बसलो, डॉक्टर म्हणाले हे स्किनचं आहे. परत खिडकीवर, तर खिडकी बंद. दुसऱ्या खेपेला स्किनवाले त्या दिवशी बसतच नाही म्हणे, हे पाटीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं! कापूस वेचायचा पडला होता, दोन दिवसांची मजुरी अन् एसटीचं भाडं गेलं ते गेलंच. तिसऱ्या खेपेला मी खिडकीत तोंड घालून मोठ्यानं म्हटलं, "स्किनचाच कागद पाहिजे". मागची लाईन हसली. हसू द्या. तुम्हीही तसंच म्हणा, आणि डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या.

आत मात्र दहा मिनिटांत काम झालं. मॅडमनं पहिले दारूचंच विचारलं, मग स्वतःच म्हणाल्या, न पिणाऱ्यालाही होते हे, रोझेशिया म्हणतात. पुटकुळ्या आहेत पण काळे ठिपके नाहीत, म्हणून पिंपल्स नाहीत. ट्यूब खिशात होती म्हणून बरं (जे लावता ते सोबत न्याच), त्यात बेटामेथासोन निघालं, म्हणजे स्टिरॉइड. त्यानंच जास्त बिघडवलं होतं. ते बंद, मेट्रोनिडाझोलचं जेल सुरू. पहिले काही आठवडे अजून लाल होईल, घाबरू नका म्हणाल्या, अन् झालंही तसंच, तेव्हा ती जुनी ट्यूब परत लावावीशी लय वाटली.

मुळापासून जात नाही, पण कशानं भडकते ते ज्याचं त्यानं पाहायचं. माझं ऊन, मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपट्टा बांधूनही. मग चुलीची आच, तर्री, अन् कडक गरम चहा. चुलतभावाला ठेच्यानं काहीच होत नाही, मला होते. हो, सनस्क्रीनही लिहून दिलं, ते लावून वावरात गेलो तर गडी माणसं अजूनही हसतात.

चहा आता थंड करून पितो. बायको म्हणते, मंग उकळाले लावता कायले?