साका

मे महिन्याचा दुसरा आठवडा. देवगड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसवर मी आंब्याची प्रतवारी बघते. सकाळीच पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, निम्मे आंबे आतून पांढरे निघाले." पेटीवरची खूण विचारली आणि पोटात गोळाच आला. आंबा आबांच्या बागेतला होता.

त्याच तोडणीचे वीस आंबे आढीतून काढले आणि एकेक कापत गेले. बाहेरून सगळे देखणे, केशरी, घमघमणारे. अकरा फळांत मात्र कोयीलगतचा गर फिकट, भुसभुशीत, आंबूस. साका! सालीवर त्याची कसलीच खूण दिसत नाही. बागायतदाराची वर्षभराची मेहनत अशी सुरीखाली कळते, आणि मला ते दरवेळी तितकंच लागतं.

दुपारी आबांकडे गेले. बाग एकच, पण खाली व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, तांबडी माती आणि वर उघडा कातळ. तिथे खड्डे फोडून, माती भरून कलमं लावलेली. साक्याचा माल वरचा होता. खालच्या कलमांच्या बुडात वीतभर पातेरा, म्हणजे सुक्या पानांचा थर, होता, तो बाजूला करून हात घातला तर माती थंडगार. वर कातळाला हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"आबा, इथला पातेरा कुठे गेला?"

"वणव्याच्या भीतीन झाडून जाळलंव, गो बाय."

त्यांना दोष कसा द्यायचा? वणव्यात उभी बाग जाते. पण उघडी जमीन तापली की ती धग वर फळाला लागते आणि गर आतून बिघडतो. त्यात हंगाम शेवटचा, फळं चौदा आण्यांच्या, म्हणजे तोडणीजोग्या तयारीच्या, पुढे झाडावर राहिलेली. आणि तोडलेला ढीग? तोही टेम्पो येईपर्यंत तीन तास त्याच कातळावर, उन्हात. हे ऐकून आबा खालीच बसले.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढली, तिच्यात साका होत नाही. पण गिऱ्हाईक हापूसच मागतं, आणि खरं सांगायचं तर कातळावरच्या हापूसची चव माझ्याही जिभेवरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या, लागले. चौदा आणे झालेली तेवढीच फळं देठासकट उतरवली, थेट सावलीत पेंढ्यावर ठेवली आणि नऊच्या आत गाडीत भरली. आठ दिवसांनी आढीतली वीस कापली, तीन निघाली. मी पेट्या भरायला सांगणार होते, कारण निम्म्याच्या जागी तीन म्हणजे खूप बरं होतं. आबांनी पेटीवर हात ठेवला.

"नको. कॅनिंगवाल्याक दे. माझ्या खुणेची पेटी कोणी रडत उघडूक नको."

कॅनिंगचा दर किलोवर, पेटीच्या मानाने फारच कमी. त्यांनी तो मोजून घेतला आणि संध्याकाळी गड्याला घेऊन खालचा पातेरा पाट्यांनी वर वाहायला लागले.